गणिताच्या बाईंची जाहिरात

‘‘माझ्या आईला बंद करा,’’ फोनवर एक मुलगी म्हणाली.

मी झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. अकरा वाजता माझा वर्ग होता आणि दुकानदार माझ्या टिपणांचे संच जुळवून कोपऱ्यात पिना मारत होता. त्या खटखटीत मला वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. ‘‘कोण हवंय आपल्याला?’’ मी विचारलं. ‘‘तुम्हीच हव्या आहात. त्या विगच्या दुकानाची जाहिरात तुम्ही करता ना? त्यात जी बाई हसतेय ती माझी आई आहे. चार महिने झाले तिला जाऊन. आज ऑफिसात मी सगळ्यांना तक्ता दाखवत होते, मोठ्या पडद्यावर, आणि बाजूच्या चौकटीत ती आली. मी धावत जाऊन पडद्यासमोर उभी राहिले. तर ती माझ्या ब्लाउजवर दिसायला लागली.’’ तिचा आवाज चढला नव्हता. फळ्यावर उत्तर लिहावं तसं एकेक वाक्य ती पुढे ठेवत होती. शेवटी म्हणाली, ‘‘बाबांना अजून दिसलेली नसावी. दिसली तर ते कोसळतील. त्याच्या आत बंद करा, आणि त्यांना यातलं काही सांगू नका.’’ मी काहीतरी म्हणाले. क्षमा असा एक शब्द त्यात होता. दुकानदाराने संच पुढे सरकवले आणि विचारलं, ‘‘पिना बरोबर बसल्यात ना?’’ मी म्हणाले, ‘‘बसल्यात.’’

जाहिरात बंद करायला फार काही करावं लागत नाही. नावापुढे एक निळं बटण असतं. ते डावीकडे सरकवलं की राखाडी होतं. मी ते तिथेच, दुकानाच्या पायरीवर उभी राहून सरकवलं. मग वर्गावर गेले. छोट्या दुकानदारांना मी शिकवते: इंटरनेटवर आपलं दुकान कसं दिसावं, लोकांनी आपल्याला शोधलं तर सापडावं कसं, कोणी वाईट शेरा लिहिला तर उत्तर काय द्यावं. त्या दिवशी समोर एक कुलूपवाला होता, दोन शिंपिणी, एक पलंगाच्या गाद्या करणारा, मासे पाळायच्या काचपेट्या विकणारी एक बाई, असे एकोणीस जण. माझी भाषा त्यांना कळते, कारण मी अवघड काही सांगत नाही. दुकानाच्या वेळा खऱ्या लिहा. फोटो स्वतःचे लावा, उसने नकोत. एका फोटोत एकच चेहरा ठेवा. माणूस माणसाला बघून थांबतो, मालाला बघून नाही. हे सगळं मी तोंडपाठ म्हटलं. मग चौथ्या मुद्द्यावर आले. ‘जो एकदा तुमच्या पानावर डोकावून गेला, त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा जा. पहिल्यांदा तो बघतो, तिसऱ्यांदा ओळखतो, सातव्यांदा दार उघडतो.’ हे वाक्य माझंच. दरवेळी त्यावर लोक माना डोलावतात. त्या दिवशीही डोलावल्या. कुलूपवाल्याने विचारलं, ‘‘पण बाई, त्याला आपण नको असलो तर?’’ सगळे हसले. मी पण हसले. म्हणाले, ‘‘नको असलो तर तो आपणहून मान फिरवतो.’’ आणि माझ्या डोळ्यांसमोर पडद्यापुढे पाठ करून उभी राहिलेली एक मुलगी आली, जिचा चेहरा मी पाहिलेला नव्हता.

आईचा पाहिला होता. चांगला तासभर. विगवाल्या बाईंचं दुकान पहिल्या मजल्यावर आहे. खाली सायकली दुरुस्त होतात, आणि वर गिऱ्हाइकं मागच्या जिन्याने येतात, कारण पुढच्या जिन्याने येताना कोणी पाहील. आत दोन आरसे आणि फळीवर थर्माकोलची बारा डोकी, सगळी भिंतीकडे तोंड करून. ‘‘नवीन बाई दचकते,’’ विगवाल्या बाई म्हणाल्या होत्या, ‘‘म्हणून यांना कोपऱ्यात उभं केलंय.’’ बाई बोलायला फटकळ, पण आकडीसारख्या सुईने जाळीत एकेक केस ओवताना त्यांचा श्वाससुद्धा हळू चालतो. त्यांचं काम इतकं सुरेख होतं आणि इतकं कोणालाच माहीत नव्हतं, की मी हट्टाला पेटले. खरा चेहरा पाहिजे म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘‘वेड लागलंय का? इथे येणारी प्रत्येक जण कोणाला कळू नये म्हणून येते.’’ पाच-सहा जणींनी नाही म्हटलं. एक तर नुसत्या विचारण्यानेच रडायला लागली. मग गणिताच्या बाई आल्या. शाळेतून आजारपणाच्या रजेवर होत्या. माप बरोबर बसतंय का बघायला आल्या होत्या. त्यांनी माझं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘माझा काढा. तीस वर्षं फळ्यापुढे उभी आहे. पाठीमागून कोण काय तोंडं करतं ते मला न बघता कळतं. मला कसली आलीये लाज!’’ परवानगीच्या कागदावर सहीसुद्धा वाचून, एक अनुस्वार दुरुस्त करून केली. त्यांचे यजमान कोपऱ्यात स्टुलावर बसले होते, मांडीवर त्यांची पर्स घेऊन, दोन्ही हातांनी धरून, जणू ती उडून जाईल. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. मी पंचवीस-तीस फोटो काढले. सगळे शाळेच्या वार्षिक अंकातल्यासारखे. मग विगवाल्या बाईंनी कानापाशी शेवटची कात्री चालवली आणि विचारलं, ‘‘काय काका, कसं दिसतंय?’’ ते म्हणाले, ‘‘लग्नात होती त्यापेक्षा बरी.’’ गणिताच्या बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या हसल्या. तो फोटो. घरी येऊन बघितलं तर उजव्या कडेला यजमानांचा गुडघा आणि पर्सचा पट्टा आला होता. एका फोटोत एकच चेहरा, म्हणून मी तो गुडघा कापला.

वर्ग संपल्यावर मी विगवाल्या बाईंकडे गेले. सांगितलं. त्यांनी सुई थांबवली नाही. ‘‘मला माहीत होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘काय माहीत होतं?’’ ‘‘त्या गेल्या ते. महिन्यापूर्वी कळलं. त्यांच्या शाळेतली एक जण आली होती.’’ मी म्हणाले, ‘‘मग मला का नाही सांगितलंत?’’ आता त्यांनी वर पाहिलं. ‘‘काय सांगू? त्या फोटोवर अकरा जणी आल्या. अकरा. एक तर फोन हातात धरून जिना चढली, म्हणाली, मला यांच्यासारखा पाहिजे. सारखा म्हणजे केस नव्हे हो, चेहरा. म्हणाली, यांना बघून वाटलं, एवढं काही झालेलं नाही. आता तिला काय सांगायचं होतं मी? की त्या गेल्या?’’ मी भिंतीकडे तोंड केलेल्या डोक्यांकडे बघत राहिले. त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही बंद केलीत ते बरं केलंत. मी बंद केली नाही तेही चुकलं असं मला वाटत नाही. बसा, चहा टाकते.’’

पुढचे काही दिवस मला एक वाईट सवय लागली. रस्त्यावर कोणीही फोनकडे बघून अंगठा वर सरकवताना दिसलं, की मी त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. बसथांब्यावर, भाजीपाशी, दवाखान्याच्या बाकावर. अंगठा थांबतो का. कशावर थांबतो. माझं पोट त्या थांबण्यावर चालतं. आई म्हणायची, बोलणाऱ्याची बोरं विकली जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. ती हे वडिलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. वडील चष्मे दुरुस्त करायचे. इतकं बारीक काम, की बोलले असते तर हात हलला असता. दुकानावर पाटीसुद्धा नव्हती. ‘‘ज्याला दिसत नाही तो पाटी काय वाचणार,’’ म्हणायचे. लोक हसून निघून जायचे, पुढच्या चौकातल्या मोठ्या काचेच्या दुकानात. मी गावभर लोकांना बोलायला शिकवते त्याचं मूळ तिथे आहे, हे मला कोणी विचारलं तर मी नाकारते.

बुधवारी विगवाल्या बाईंकडे पानावरच्या वेळा बदलायला गेले होते, तेव्हा मागच्या जिन्यावर पावलं वाजली. हळू, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. दारात गणिताच्या बाईंचे यजमान. हातात पर्स नव्हती म्हणून मला क्षणभर ओळखता आले नाहीत. आत डोकावले आणि म्हणाले, ‘‘चालू आहे होय! मला वाटलं, दुकानच बंद पडलं.’’ विगवाल्या बाई म्हणाल्या, ‘‘बंद का पडेल? या, बसा.’’ ते त्याच स्टुलावर बसले. फोन काढून गुडघ्यावर ठेवला. ‘‘त्याचं असं आहे,’’ ते म्हणाले, ‘‘ही माझ्या फोनवर यायची. बरेच दिवस. मी एकदा तुमच्या वेळा बघितल्या होत्या, तिचा एक रुमाल इथे राहिलाय का विचारायला यायचं होतं. तेव्हापासून यायची. सकाळी बातम्या वाचताना मध्येच. हवामान बघताना खाली. परवा शुक्रवारपासून नाही. मी फोन दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेलो. तो म्हणाला, काय होतंय? मी म्हणालो, बायको यायची, आता येत नाही.’’ ते स्वतःच हसले. ‘‘तो बिचारा घाबरला. त्याने फोन उघडून आतली धूळ पुसून दिली. आवाज सुधारला. ही नाही आली.’’

विगवाल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, ‘‘काका, मी तो फोटो तुम्हाला देते. मोठा करून देते. सगळेच देते, तीस आहेत.’’ ‘‘फोटो आहेत हो घरी,’’ ते म्हणाले. ‘‘दोन अल्बम आहेत. पण अल्बमकडे मला जावं लागतं. कपाट उघडा, काढा, बसा, मग रडायला येणार हे आधीच ठाऊक. ही आपण होऊन यायची. मी काहीतरी भलतंच वाचत असायचो, कांद्याचे भाव, आणि ही हजर. घरात असायची तशी. आणि मी तिथे होतो ना, मला माहीत आहे ती कोणाकडे बघून हसतेय.’’ मी खाली पाहिलं. मला तो कापलेला गुडघा समोर दिसत होता, पायजम्यातला नव्हे, विजारीतला, इस्त्रीची घडी असलेला. ‘‘परत लावता येईल का?’’ त्यांनी विचारलं. ‘‘माझ्यापुरती. आणि आमच्या मुलीला मात्र यातलं काही कळू देऊ नका. ती फार खंबीर आहे, तिने सगळं सावरलंय. तिला वाटेल, बाबांचं डोकं हललं.’’

एकाच माणसाला जाहिरात दाखवता येत नाही. वय सांगता येतं, वस्ती सांगता येते, आवड सांगता येते, पण यंत्राला निदान शे-दोनशे माणसं लागतात. एका माणसासाठी काही करणं त्याला कळत नाही. त्यांच्या वस्तीत लावायची तर शेजारीपाजारी, दूधवाला, इस्त्रीवाली सगळ्यांना दिसणार, आणि त्याच घरात राहणाऱ्या मुलीला तर नक्की. हे मी त्यांना समजावून सांगितलं, मुलीचा भाग सोडून. त्यांनी मोजणीवाल्याच्या लक्षाने ऐकलं, हद्द कुठवर, किती माणसं, मग म्हणाले, ‘‘असं आहे होय. मग राहू द्या,’’ आणि उठले. दारात थांबून विगवाल्या बाईंना म्हणाले, ‘‘रुमाल निळा होता.’’ रुमाल सापडला नव्हता.

मी चालत घरी निघाले. बस होती, घेतली नाही. दोघांची गुपितं माझ्यापाशी होती आणि एकाच्या गुपिताला दुसऱ्याचं अगदी तंतोतंत बसत होतं, तरी दोघांनीही सांगू नका म्हटलं होतं. कोणाच्या घरात नाक खुपसू नये, मी स्वतःला बजावत होते. तू दुकानदारांना सल्ला देतेस, घरांना नाही. आणि चालता चालता मला जे आठवू नये ते आठवत होतं. वडील गेल्यावर चार वर्षांनी, या धंद्यात मी नवीन असताना, एका दुकानाचा पत्ता नकाशावर टाकत होते. नकाशात रस्त्यांचे फोटो असतात, गाडीवर कॅमेरा लावून काढलेले. सहज म्हणून आमच्या जुन्या रस्त्यावर गेले. बाण दाबत दाबत पुढे सरकले. वडिलांचं दुकान आलं. शटर अर्धं खाली ओढलेलं, आणि शटरच्या खाली चपला घातलेले दोन पाय. दुपारी जेवायला जाण्याआधी ते शटर अर्धं ओढून आत हात पुसत उभे राहायचे. ते पाय मी कुठेही ओळखले असते. डाव्या चपलेचा अंगठा शिवलेला. मी आईला सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. दोन वर्षं मी मधूनमधून तिकडे जायची, कामाच्या मध्ये, दोन मिनिटं. काही करायची नाही. नुसती रस्त्यावर उभी असल्यासारखी. मग एक दिवस गेले तर रस्ता नवा झालेला. गाडी परत येऊन गेली होती. त्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. फोटो उतरवून ठेवायचं मला कधी सुचलंच नाही, कारण मला वाटत होतं, ते तिथेच आहेत. आता मी गेले तर पाय सापडायचे नाहीत, हे कोणापाशी बोलायचं, हेही मला कळलं नव्हतं. मी तेव्हा दोन दिवस झोपून होते. आईला सांगितलं, ताप आहे.

घरी पोचल्यावर मी चपला न काढता त्या मुलीला फोन लावला. उचलताच ती म्हणाली, ‘‘बंद झालीये ना? मला परत दिसली नाही.’’ मी म्हणाले, ‘‘झालीये. पण तुम्हाला एक सांगायचंय, आणि सांगू नका असं मला सांगितलेलं आहे.’’ मग सगळं सांगितलं. धूळ पुसणाऱ्या दुरुस्तीवाल्यासकट. ‘‘बाबा बघायचे?’’ ती म्हणाली. ‘‘रोज?’’ ‘‘रोज.’’ ‘‘माझ्यासमोर एकदाही नाव काढलं नाही त्यांनी. मला वाटलं, त्यांना विसरायचंय. म्हणून मी तिच्या साड्यासुद्धा ते झोपलेले असताना हलवल्या.’’ मग एकदम चिडून म्हणाली, ‘‘आणि ते वाक्य! फोटोखालचं. ‘आरशात पुन्हा मीच.’ ते कोणी लिहिलं? आई असं मेलं तरी बोलली नसती.’’ मी म्हणाले, ‘‘मी लिहिलं.’’ ‘‘मग ती काय म्हणाली होती?’’ मला आठवत होतं. विग बसल्यावर आरशात बघून त्या म्हणाल्या होत्या, ‘‘हातचा विसरले होते, आता बेरीज बरोबर आली.’’ मला ते चांगलं वाटलं होतं, पण गिऱ्हाइकाला कळणार नाही म्हणून मी सोडून दिलं. मी मुलीला ते सांगितलं. ती हसली असावी. किंवा नाक ओढलं असावं. मग फोन ठेवून दिला.

दहा दिवस काही नाही. मी वर्ग घेतले. चौथा मुद्दा आला की पाण्याचा घोट घेऊन पुढे जायची. काचपेट्यांवाल्या बाईंनी पाठवलेला फोटो दुरुस्त केला, त्यात माशाऐवजी त्यांचंच प्रतिबिंब आलं होतं. आपण चुकलो, हे मी रोज सकाळी ठरवायची आणि दुपारपर्यंत ठरवलेलं ढिलं व्हायचं. विगवाल्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘सांगितलंत ना? झालं. आता उगाच शिवण उसवत बसू नका.’’

अकराव्या दिवशी मुलीचा फोन आला. ‘‘ताई,’’ म्हणाली. आधी मॅडमसुद्धा म्हणाली नव्हती. ‘‘आम्ही चादरीच्या घड्या घालत होतो. दोघांनी दोन टोकं धरलेली. मी विचारलं, बाबा, तुम्ही आईला फोनवर बघायचात? तर म्हणाले, नाही बुवा. आणि चादर सोडून दिली. मग खूप बोललो. चार महिन्यांचं. त्यांना वाटत होतं मी खंबीर आहे.’’ मग म्हणाली, ‘‘परत लावता का? एक आठवडा. जास्त नको, जास्त झालं तर सवय होईल. आणि ते वाक्य काढा.’’ ‘‘तिचं टाकू?’’ मी विचारलं. ‘‘टाका. कळेल त्याला कळेल.’’ विगवाल्या बाई लगेच हो म्हणाल्या. मी जाहिरात नव्याने बांधायला बसले. कोणाला दाखवायची? वस्ती. वय, पंचवीसच्या पुढे. आवडी. तिथे मी बराच वेळ बसून राहिले. त्या रकान्यात सायकल, बागकाम, प्रवास असलं काही निवडायचं असतं. मी कांद्याचे भाव शोधले. नव्हते. हवामान निवडलं. त्यांच्या घराभोवती नकाशावर जेवढं लहान वर्तुळ काढता येतं तेवढं काढलं आणि बटण उजवीकडे सरकवलं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. गुरुवारी संध्याकाळी न राहवून मीच मुलीला फोन केला. ‘‘नाही ना आली,’’ ती म्हणाली, ‘‘खालच्या मजल्यावरच्या आजींना दोनदा आली. इस्त्रीवालीला आली, ती वर येऊन सांगून गेली, बाई छान दिसतायत म्हणाली. आम्हालाच नाही. बाबा मटार सोलताहेत आणि दर दोन मिनिटांनी हात पुसून हवामान बघताहेत. मी म्हटलं, ऊन आहे बाबा, खिडकीतून बघा.’’ मी तिला समजावायला लागले की यंत्राला वेळ लागतो, ते आपल्या हातात नसतं, आणि मध्येच मागून काकांचा आवाज आला. ‘‘आली! अगं ये, आली! लवकर ये, मी अंगठा हलवत नाहीये!’’

फोन कशावर तरी टणकन ठेवल्याचा आवाज झाला. धावत्या पायांचा. काहीतरी सांडलं, बारीक, गडगडत गेलं. मग पंखा. बाकी काही नाही. दुसऱ्याच्या घरात असं उभं राहू नये हे मला कळत होतं. तरी मी कानाशी फोन धरून माझ्या स्वयंपाकघरात उभी होते, एक पाऊल पुढे टाकलेलं, कोणी ढकलून थांबवल्यासारखं. खूप वेळ गेला. मुलगी काहीतरी बोलली ते ऐकू आलं नाही. तिने ते वाक्य मोठ्याने वाचलं. हातचा विसरले होते. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचं काय झालं ते मला कळलं नाही, मी ते कळून घेऊ नये असंच होतं. काका म्हणत होते, ‘‘अगं, असू दे. असू दे.’’ पुन्हा पंखा. पुन्हा काहीच नाही.

‘‘ए, सरक जरा,’’ काकांचा आवाज आला, ‘‘मला पण दिसू दे की.’’

मग मी फोन ठेवला.